पिशवीतला घरजावई

माझ्या हातून आयुष्यात जी काही वाईट कामं झाली त्यातल्या एकाला कारण एक किडा आहे, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. किडा बोटाच्या पेराएवढा. त्याला मराठीत धड नावसुद्धा नाही, म्हणजे शिव्या द्यायच्या तरी कुणाला, हा प्रश्नच होता. आता वय झालं, किड्यावर खापर फोडायचाही कंटाळा आला, म्हणून सगळं एकदा लिहून टाकते.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. चिंचवड स्टेशनजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये जमीन मोजायची यंत्रं तयार करायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना होता. तिथे मी कामाला होते. कारखाना म्हणायचं ते आपलं तोंडभर. आत माणसं सातच होती. पण काम तुंबलेलं असायचं. चहूकडे कंपन्यांच्या भिंती उठत होत्या, आणि प्रत्येक भिंतीच्या आधी कुणीतरी मोजणीदार तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण ठेवून, एक डोळा मिटून, ज्वारीच्या रानात उभा असायचा. त्याची दुर्बीण बिघडली की ती आमच्याकडे यायची.

त्या दुर्बिणीत बघितलं की मधोमध एक बारीक फुली दिसते. ती फुली कोळ्याच्या धाग्याची असते असं सांगितलं की लोक हसायचे. माझ्या सासरचे तर अजून हसतात. हसू देत. माणसाचा केस तिथे नाड्यासारखा जाड दिसतो, रेशीमही चालत नाही. चालतो तो कोळिणीनं अंड्यांभोवती विणलेल्या पिशवीचा धागा. पिशवी कोमट पाण्यात भिजवायची, सुईनं टोक शोधायचं, धागा तारेच्या चिमट्यावर गुंडाळायचा, आणि मग श्वास रोखून पितळी कडीवरच्या खाचेत बसवून दोन्ही टोकांना लाखेचा ठिपका द्यायचा. शिंक आली तर अर्धा दिवस गेला. हे काम माझं होतं. मॅट्रिक झालेली, हात बारीक आणि स्वभाव तापट. पहिल्या दोन गोष्टी साहेबांनी नोकरी देताना विचारल्या होत्या. तिसरी त्यांना पुढे आपोआप कळली.

पिशव्या आणायच्या थेरगावच्या एक मावशी. नदीपलीकडून चालत यायच्या, डोक्यावर पाटी, पाटीत भाजी, आणि भाजीच्या वर पळसाच्या पानांत बांधलेल्या पंधरा-वीस पिशव्या. शेराच्या कुंपणात, निवडुंगात, बांधाच्या झुडपांत कुठली कोळीण कधी बसली हे त्यांना ठाऊक असायचं. जमीन कारखान्यांत गेली होती, कुंपणं तेवढी शिल्लक होती. मावशी आल्या की मी त्याच दिवशी पिशव्या भिजत घालायचे. दोन-तीन दिवसांत सगळा धागा चिमट्यांवर. अशी चार वर्षं गेली आणि कधी तक्रार झाली नाही.

त्यांची एक लेक होती. नवऱ्यानं टाकलेली, चौथी शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. एकदा ती आईबरोबर आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून बघत बसली. मला कुणी असं बघत बसलं की चीड येते. मी म्हटलं, बघतेस काय, करून बघ. तिनं पहिल्या फटक्यात टोक शोधलं. मला ते शोधायला चार महिने लागले होते. साहेबांनी तिला माझ्या शेजारी स्टूल दिलं: तीन महिने बघायचं, मग कायम करायचं. त्या काळात थेरगावातल्या नवऱ्यानं टाकलेल्या बाईला असलं काम म्हणजे काय होतं, हे मी आज समजावून सांगत बसत नाही. मावशी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वाफाळती हुरड्याची कणसं ठेवून गेल्या, त्यावरून समजा.

आता माझ्या शहाणपणाकडे येते.

माझे यजमान एका मोठ्या कंपनीत स्टोअरला होते. ज्यांनी स्टोअरच्या माणसाबरोबर संसार केला नाही त्यांना कळणार नाही. आमच्या घरात तूरडाळीच्या डब्याला कार्ड होतं. आली किती, गेली किती, शिल्लक किती. साबणाच्या वड्यांवर तारीख. मी त्यांना यावरून इतकं बोललेय की शेजारच्यांना पाठ झालं असेल. आणि तरी काय झालं, तर त्यांचंच वेड माझ्या अंगात शिरलं. एके दिवशी मोजणीचं मोठं काम आलं, धागा कमी पडला, साहेब चिडचिड करायला लागले, तेव्हा मीच पुढे होऊन म्हणाले की आपण साठा का करत नाही? मोठ्या कंपन्यांत करतात तसा. जाळीचं कपाट घ्या, खण करा, प्रत्येक खणाला कार्ड लावा. आलेला माल तपासून सही करायची आणि आधी आलेला माल आधी वापरायचा. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ‘तपासले, ठीक’ असा रबरी शिक्काच करून आणला आणि माझ्या हातात दिला. तो शिक्का उमटवताना मला फार बरं वाटायचं.

कोळ्याच्या पिशव्या म्हणजे नटबोल्ट नव्हेत, आत जीव आहे, हे आम्हा सातजणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असेल तर त्या लेकीच्या. ती एकदा म्हणाली होती, बाई, लई दिवस ठिवू नगा. मी तिला म्हटलं की थंडीचे दिवस आहेत, थंडीत कोळ्याची पिल्लं पिशवीतून बाहेर येत नाहीत, हे तुझ्या आईनंच सांगितलंय. ती पुन्हा चिमट्यावर धागा गुंडाळायला लागली. कपाट आम्ही लाख सुकवायच्या भट्टीशेजारी ठेवलं होतं, कारण तिथे जागा होती.

माघ महिना असेल. एका सकाळी मी कपाट उघडलं, तर पहिल्या खणातल्या सहा पिशव्यांना भोकं. कडा कुरतडलेल्या, हरभऱ्याचा दाणा जाईल एवढी. धागा काढायला घेतला तर हातभर येण्याआधी तुटायचा, पुन्हा टोक शोधा, पुन्हा तुटायचा. दुसऱ्या दिवशी आणखी चार. कपाटाच्या जाळीत दोन गांधीलमाशीसारखे किडे अडकलेले दिसले, ते मी चपलेनं मारून झाडूनं लोटून दिले. हे नीट लक्षात ठेवा. माझा पुरावा मी माझ्या चपलेनं मारला.

साहेब आले. भोक पाडून पिल्लं निघून गेली की पिशवी जुनी झाली, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. थंडीत पिल्लं निघत नाहीत, हेही माहीत होतं. म्हणजे भोकं आधीचीच, माल जुना, असा हिशेब त्यांनी उभ्या उभ्या मांडला. मग त्यांनी कार्ड काढलं. कार्डावर माझी सही, माझा शिक्का, तपासले, ठीक. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि अगदी शांतपणे विचारलं की हे तपासलं होतं का.

तपासलं होतं. एकेक पिशवी उजेडाला धरून तपासली होती, एकीलाही भोक नव्हतं. तसंच सांगायचं होतं मला. पण भोक नव्हतं म्हणावं तर आता आलं कुठून, आणि होतं म्हणावं तर शिक्का खोटा. सगळे आमच्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात नेहमीसारखा राग चढला, आणि रागात माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी म्हणाले, “भोकं डिंकानं बुजवलेली होती. दिसलीच नाहीत.”

डिंक कुठून आला मला ठाऊक नाही. मी बघितला नव्हता. पण एकदा म्हटल्यावर तो डिंक मला दिसायलाच लागला. मी भोकाच्या कडा दाखवून सांगितलं की बघा, इथे चकाकतंय. साहेबांनी मान डोलावली. रिजेक्शनच्या स्लिपवर तीन रकाने होते: माल देणाऱ्याची चूक, कामगाराची चूक, यंत्राची चूक. मी पहिल्या रकान्यात फुली मारली आणि खाली माझ्या सुबक अक्षरात लिहिलं: जुन्या पिशव्या डिंकाने बुजवून फसवणूक. लेक शेजारच्या स्टुलावर बसलेली होती. साहेब तिला म्हणाले की आईचा माल असा असेल तर तुला इथे ठेवता येणार नाही. ती उठली, हातातला चिमटा जाग्यावर ठेवला आणि गेली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, आणि तेव्हा मला त्याचाही राग आला.

मावशी त्यानंतर आल्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी समजलं की लेक कासारवाडीजवळ एका कंपनीच्या बांधकामावर घमेली उचलते.

मला घरी चैन पडेना. मी सगळ्यांवर ओरडत होते. डाळीचं कार्ड फाडून टाकलं, त्यावरून भांडण झालं. कारण काय हे यजमानांना कळेना आणि मी सांगेना. कपाटात मावशींच्या शेवटच्या मालातल्या नऊ पिशव्या उरल्या होत्या. एके दिवशी मी त्या काढल्या आणि दुरुस्तीच्या भिंगाखाली एकेक बघितली. डिंकाचा कण सापडला असता तर मी शांत झोपले असते. एकाही पिशवीवर काही नव्हतं, भोकही नव्हतं. मी त्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून, तोंडाला फडकं बांधून टेबलावर ठेवल्या. का ठेवल्या, विचाराल तर सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी डबा खाताना बरणीतली एक पिशवी हलली. मी हातातला घास तसाच धरून बघत राहिले. आतून कुणीतरी कुरतडत होतं. भोक पडलं, त्यातून एक ओलसर, वाकडंतिकडं काहीतरी बाहेर आलं, फडक्याला लटकलं, अंगावरची पातळ कात टाकली आणि तासाभरात त्याला पंख फुटले. मान लांब, डोळे मोठे, पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले, शाळेच्या पुस्तकातल्या प्रार्थना कीटकासारखे. मागचं अंग मात्र दुसऱ्याचंच, जाळीदार पंखांचं, दिव्यावर येणाऱ्या हिरव्या नाजूक किड्यांसारखं. अंगावर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हणून लांबून गांधीलमाशी वाटावी. देवानं उरलेल्या सामानातून बनवावा तसा दिसत होता. संध्याकाळी मी बरणीत एक माशी सोडली. त्यानं मान वळवली, ती जवळ येऊ दिली, आणि पुढचे पाय इतक्या झटकन उघडून मिटले की मला फक्त मिटलेलेच दिसले. माशी चिमट्यात होती. तो तिला मक्याच्या कणसासारखी फिरवून फिरवून खात होता.

मी दुसरी एक पिशवी ब्लेडनं फाडली. आत अंडी नव्हतीच. अंड्यांची सुकलेली टरफलं, भुश्श्यासारखी, आणि मधे आणखी एक छोटा गोल कोष. पिशवीच्या आत पिशवी, आणि आतली तिऱ्हाइताची.

माणसानं इथे काय करावं? सरळ साहेबांकडे जाऊन सांगावं की डिंक मी बघितला नव्हता. मी काय केलं, तर रजा टाकली, बरणी कापडी पिशवीत घातली आणि पुण्याला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले. मला विद्वानाचा कागद पाहिजे होता. त्या कागदावर सगळं भागलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

प्राध्यापक किड्याला बघून इतके खूश झाले की मला बसा म्हणायचंही विसरले. या किड्यांबद्दल आपल्याकडे फार कुणाला माहिती नाही, म्हणाले. मग सांगायला लागले, आणि मी ऐकत राहिले. मादी पानाखाली शेकड्यांनी अंडी घालते, एकेक अंडं केसासारख्या देठावर. त्यातून निघालेलं पिल्लू धुळीच्या कणाएवढं, पण पायाचं चपळ. ते कोळीण शोधतं, तिच्या अंगावर चढतं आणि तिच्या कमरेच्या बारीक जागी चिकटून बसतं. वाट बघायला लागलीच तर तिचंच रक्त थोडंथोडं पितं. कोळीण अंडी घालून पिशवी विणायला बसली की ते अंगावरून उतरून आत शिरतं, आणि ती आपल्याच हातांनी त्याला आत घेऊन तोंड शिवून टाकते. मग आत ते आणि तिची अंडी. नळीसारख्या जबड्यांनी एकेक अंडं टोचायचं आणि शोषायचं. बाहेर आई पहारा देते, कुणाला जवळ फिरकू देत नाही. सगळी अंडी संपली की ते तिथेच आपला कोष विणतं आणि पंख घेऊन बाहेर पडतं. याच किड्यांचं आणखी एक घराणं परदेशात आहे, ते म्हणे गांधीलमाश्यांच्या घरात शिरून त्यांच्या अळ्या खातं; त्याच्याबद्दल तर पुस्तकातही चारच ओळी आहेत. ते चार ओळींबद्दल हळहळत होते. मी मनात म्हटलं, माझ्या स्लिपवर तर एकच ओळ आहे.

मग त्यांनी माझ्यादेखत किडा टाचणीवर टोचला आणि पेटीत लावला. मी म्हटलं, अहो, तो मला पाहिजे आहे. ते म्हणाले, इथेच सुरक्षित राहील. आणि खाली बारीक चिठ्ठी लिहायला घेतली: ठिकाण, महिना, कोळ्याच्या पिशवीतून. गोळा करणारा, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझं नाव सांगितलं. पिशवी मावशींनी निवडुंगाच्या काट्याकुट्यात हात घालून आणलेली, आणि नाव माझं. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. पेटीत अजून माझंच नाव असेल, कुणी फेकून दिली नसेल तर.

कागद मात्र त्यांनी दिला, वर लॅटिन नाव घालून. साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना बरं वाटलं, कारण कुणाचीच चूक नाही असं निघालं की मालकाला नेहमी बरं वाटतं. फक्त अडचण अशी की स्लिपवर किड्याचा रकाना नव्हता. त्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली, हे मी खोटं सांगत नाही. शेवटी त्यांनी चौथा रकाना हातानं आखला. मग चष्मा काढून विचारलं, “पण डिंकाचं काय?”

साहेब साधे होते, मूर्ख नव्हते. मी म्हणाले की किड्याच्याच अंगाचं काही चिकट असेल. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि तसं लिहिलं. जुनी स्लिप रद्द, डिंकासारखा पदार्थ किड्याचा असावा, माल देणाऱ्यांनी पुन्हा यावे, मुलीला कामावर घ्यावे. ते घेऊन रविवारी सकाळी मी नदी ओलांडून थेरगावला गेले. जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत मी पेढे घेतले. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक भिंतीशी बसून हाताला तेल चोळत होती. सिमेंटनं तिच्या बोटांची कातडी फुटली होती, पेरांवर चिरा पडल्या होत्या. मी तिच्या हातांकडे बघितलं आणि पेढ्यांचा पुडा पदराखाली धरला. मग बोलायला लागले. आपली लाज झाकायची असली की मी फार बोलते. किडा सांगितला, त्याची आई सांगितली, देठावरची अंडी सांगितली, कोळिणीच्या कमरेला चिकटणं सांगितलं, प्राध्यापक सांगितले.

मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “व्हय, त्यो हाय की. मी त्याला घरजावई म्हंते. ऊब लागली की कोळ्याच्या पोरांच्या आधी त्योच उठतो. उन्हाला धरलं की कळतं, आत दानं दिसत न्हाईत, येकच काळा गोळा दिसतो. पर ताज्या मालात त्यो लई बारीक आसतो, घावत न्हाई. म्हून तर आमी त्याच दिशी भिजवा म्हनत व्हतो.”

मी उडालेच. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही येऊन का नाही सांगितलं?

“भोक कुनी पाडलं ते कुनी इचारलंच न्हाई, बाई. मी लबाड हाय, येवढंच घरी कळालं.”

मी घाईघाईनं नवी स्लिप काढली आणि वाचून दाखवली. लेक पहिल्यांदा उठली. तिनं तेलकट हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, आणि बोट फिरवत सावकाश स्वतः वाचला. डिंकासारखा पदार्थ या शब्दांवर तिचं बोट थांबलं. मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, भांडणाचा सूर नसलेला प्रश्न.

“बाई, डिंक तुमी बघितला व्हता?”

तोपर्यंत मी साहेबांना सांगितलं होतं, प्राध्यापकांना सांगितलं होतं, मनात तर रोज सांगत होते. पण बघितला होता का, हे मला कुणीही विचारलं नव्हतं. मी इकडे तिकडे बघितलं. मला तिचा राग आला, मावशींचा आला, कोंबड्यांचाही आला. कुठलाच राग टिकला नाही. मी म्हणाले, “नाही. बघितला नव्हता. मला माझी सही वाचवायची होती.”

तिनं कागद घडी घालून मला परत दिला. “मंग ह्ये लिवा,” म्हणाली. “किडा ऱ्हाऊ द्या.”

मी तिथेच, मावशींच्या उंबऱ्यावर बसून, स्लिपच्या मागे लिहिलं: भोके बुजवलेली नव्हती. डिंक मी पाहिला नव्हता. माल आला तेव्हा चांगला होता. खाली सही केली. अक्षर काही सुबक आलं नाही. पेढ्यांचा पुडा मी परत घेऊन आले, तिथे ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी साहेबांनी ते वाचलं आणि मला सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं, मी उलट बोलून मोकळी झाले असते. त्यांनी फक्त माझ्या टेबलावरचा शिक्का उचलला. आठवड्यानं लेक कामावर आली, तेव्हा तो तिच्यापुढे ठेवला. कपाट भट्टीपासून हलवलं, साठा बंद केला. पहिले दोन महिने कोळ्याचा धागा तिच्या फुटक्या बोटांना अडकून तुटायचा. पूर्वी जे ती एका फटक्यात करायची ते तिला दहादा करावं लागायचं, आणि मला शेजारी बसून ते बघावं लागायचं. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणायची. हात हळूहळू बरे झाले. कायम व्हायला तिला वर्ष लागलं. तीन महिन्यांत झाली असती.

आम्ही त्यानंतर नऊ वर्षं शेजारी शेजारी बसलो. तिनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही, टोमणा मारला नाही, माझ्या मुलीच्या लग्नात जेवून गेली. पण तपासणी तिच्याकडे होती. मी म्हणावं की अमुक भिंगाला चरा आहे, तमुक कडी वाकडी आहे, लिही रिजेक्ट. ती पेन हातात धरायची, शिक्का जवळ ओढायची, आणि लिहायच्या आधी मान वर न करता दरवेळी तेच विचारायची.

“बघितलं का?”

नऊ वर्षं. मला इतका संताप यायचा की सांगता सोय नाही. आणि मी दरवेळी उठून, चष्मा लावून, परत एकदा बघून यायचे.